दुसरा आवाज

बस नया पूल ओलांडेपर्यंत मार्थाने आपलं भाषण मनातल्या मनात इतक्यांदा घोकलं होतं की ते आता जिभेवर आपोआप घोळत होतं. ‘काका, तुमचं बरोबर आहे, पण.’ ही सुरुवात. आधी समोरच्याला बरोबर म्हणायचं आणि मग त्याला कोपऱ्यात घ्यायचं, हे तिने शाळेच्या वादविवाद मंडळात शिकून घेतलं होतं. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरी देताना जिचा आवाज बाकाखाली पडायचा, ती मार्था साळवे यंदा चक्क ढाल जिंकून घरी आली होती. तेव्हापासून तिची खात्रीच पटली होती, की बोलून सुटत नाही असं जगात काही नसतं; लोक उगाच गप्प बसतात.

“आजच बोलायचं?” खिडकीजवळ बसलेल्या कमलने विचारलं. तिच्या मांडीवर ताटीमुंजलांची, म्हणजे ताडगोळ्यांची, पिशवी होती आणि फ्रॉकवर पाण्याचा मोठा डाग पसरला होता.

“आजच. जेवणं झाल्यावर. पोट भरलेलं माणूस नाही म्हणत नाही.”

“कोणी सांगितलं?”

“मी सांगते ना!”

कमल हसली, पण खिडकीकडे बघत.

चर्चच्या मंडळीची उन्हाळी सहल दरवर्षी मीर आलम तलावावर जायची, आणि दरवर्षी दोन बस लागायच्या. भांडणं व्हायची, कोण कोणाच्या मांडीवर बसणार यावरून मुलं रडायची. यंदा एकच बस होती आणि तीत भाताची पातेलीसुद्धा ऐसपैस बाकांवर बसली होती. गेल्या नोव्हेंबरात राज्याचे भाषेवरून तुकडे झाले आणि सरकारी कचेऱ्यांतली मराठी माणसं औरंगाबादकडे, मुंबईकडे पांगली. त्यांच्यामागोमाग एकेक घर उठत गेलं. कोठीजवळच्या त्या चर्चमध्ये सकाळी तेलुगू उपासना व्हायची, मग इंग्रजी, आणि मराठी भरदुपारी, पत्रे तापल्यावर. तरी पूर्वी मागच्या दारात उभं राहावं लागायचं. आता पाळकसाहेब ‘सर्वांनी पुढे येऊन बसावं’ म्हणायचे आणि सर्वजण पहिल्या चार बाकांत मावायचे.

कमलचे वडील, नामदेवकाकाही नोव्हेंबरातच गेले. त्यांचं खातं तिकडे वाटणीला आलं, आणि धाकट्या भावाची ट्रंक उचलून मार्थाचे बाबा, लक्ष्मणराव, काचीगुड्याच्या फलाटावर त्याच्यामागे धावले, ते मार्थाने पाहिलं होतं. बाबांना कोणी हलवणार नव्हतं. ते खासगी शाळेत मास्तर. इंदूकाकू आणि कमल चिक्कडपल्लीच्या घरातच मागच्या दोन खोल्यांत राहिल्या, कमलची नववी पुरी व्हायची म्हणून. ती झाली. काका रजा काढून त्यांना न्यायला आले. गुरुवारची गाडी होती.

पण मार्थाचा बेत पक्का होता. कमलने इथेच राहायचं. मॅट्रिक दोघींनी बरोबर द्यायची. एक वर्ष! त्यात काय मोठं? कमलच्या नसण्याचा विचार ती करतच नव्हती, जसा आपण आपल्या उजव्या हाताच्या नसण्याचा करत नाही.

त्यातून गाण्याचाही प्रश्न होताच. दोघी सहा-सात वर्षांच्या असताना कुसुमआत्याने त्यांना पेटीसमोर उभं केलं होतं. आत्या म्हणजे बाबांची आणि काकांची थोरली बहीण; जालन्याच्या मिशन बोर्डिंगात मडमेच्या हाताखाली चार आवाजांचं गाणं शिकलेली. तिने एकीचं ऐकलं, दुसरीचं ऐकलं, आणि भाजी वाटून द्यावी तसे आवाज वाटून दिले. “कमल पहिला. मार्था दुसरा.” पहिला आवाज म्हणजे चाल, लोक जी गुणगुणत घरी जातात ती. दुसरा तिच्याखालून चालणारा, सावलीसारखा. तेव्हापासून मार्थाने एकही गीत पहिल्या आवाजात म्हटलेलं नव्हतं. संध्याकाळच्या गीतात तर तिसऱ्या ओळीला एक जागा अशी होती, की पहिला आवाज एकटाच वर चढून जायचा आणि दुसऱ्याने श्वास धरून नुसतं उभं राहायचं. लहानपणी मार्थाला तेवढा धीर नसायचा. आत्या पेटी वाजवता वाजवता डाव्या हाताने तिला चिमटा काढायची. “थांब गं भवाने! आता ती एकटी.”

हेच गीत दोघी दर उन्हाळ्यात, चर्चमध्ये मुलांसाठी भरणाऱ्या सुट्टीतल्या शाळेच्या समारोपाला म्हणायच्या. यंदाचा समारोप येत्या रविवारी होता.

बस बांधाखाली थांबली. “अम्मा, संभाल के! हड्डी-बिड्डी तुड़ाए तो मेरे नाम पे नक्को!” ड्रायव्हर ओरडला, आणि मुलांनी उड्या टाकल्या. मुलांचं मार्थावर भारी प्रेम. सुट्टीतल्या शाळेत तिने यंदा त्यांना आगगाडी करून दिली होती: हॉलमधले बाक एकामागे एक लावायचे, जुन्या पुठ्ठ्यांची तिकिटं, आईच्या फाटक्या लुगड्याचा हिरवा झेंडा. ती गार्ड, आणि कमल सगळ्या स्टेशनांवरची चहावाली. गाडी काचीगुड्याहून सुटायची आणि परभणी, जालना करत मनमाडपर्यंत जाऊन लगेच परत यायची. परत आल्याशिवाय कोणाला उतरू द्यायचं नाही, हा मार्थाचा नियम होता.

चिंचेच्या सावलीत सतरंज्या पडल्या. आईने बगारा भात आणि खट्टा वाढायला घेतला. अजून अर्धी माणसं चपला काढत होती, तोवर नामदेवकाकांनी आपली थाळी उचलली, झाडाच्या बुंध्याशी गेले, उभ्याउभ्याच भराभर जेवले, तलावावर जाऊन थाळी घासून आणली आणि पालथी घातली.

“काका, गाडी सुटतेय का तुमची?” मार्थाने विचारलं.

सगळे खो-खो हसले. काकाही हसले. “सवय लागली गं,” म्हणाले, आणि मग कुठे बसावं ते न सुचल्यासारखे पातेल्यापाशी उभे राहिले. कमल तेवढी हसली नाही. पण मार्थाचं लक्ष भाषणाकडे होतं.

जेवणं झाली. पाळकसाहेब टोपी तोंडावर घेऊन आडवे झाले. घरची माणसं तेवढी एका सतरंजीवर उरली, आणि आत्याने पानाचा डबा उघडला. हीच वेळ.

“काका, तुमचं बरोबर आहे, पण...”

“मी काय बोललोच नाही अजून,” काका म्हणाले.

“म्हणजे, घेऊन जाताय ते बरोबर आहे. पण कमलची मॅट्रिक पुढच्या वर्षी. तिकडे शाळा नवी, मास्तर नवे. इथे तिचा गणितात पहिला नंबर आहे. तिकडे नेऊन तो घालवायचा का? तिने एक वर्ष आमच्याकडे राहावं. माझ्या खोलीत झोपेल. खाणंही फार नाही तिचं.”

“हे सगळं तुला कमलने सांगितलं?” बाबांनी विचारलं.

“आमचं दोघींचं ठरलंय.”

काकूने पदराने वारा घ्यायचा थांबवला. मार्थाला वाटलं होतं काकू पहिल्यांदा उसळेल, पण ती हळूच म्हणाली, “मनात माझ्याही आलं होतं. वर्षाचाच सवाल आहे. मोठ्या जाऊबाई काही परक्या नाहीत.”

“आमच्याकडे राहिली तर आनंदच आहे, इंदू,” आई म्हणाली. “पण तू तिकडे एकटी पडशील.”

“ती कशाने एकटी? नवरा आहे की!” आत्या म्हणाली आणि सुपारी कातरली. “नाम्या, पोरीला राहू दे. आणि माझंही ऐक. सगळे आवाज निघून गेले. बास गेला, टेनर गेला. ह्या दोन पोरी आहेत म्हणून उपासनेला उपासना म्हणायचं, नाहीतर नुसती पेटी वाजवायची मी, हौसेला.”

“अक्का, तू गाण्यासाठी पोरगी ठेवून घेणार?” बाबा म्हणाले.

“मग? तू कशासाठी ठेवून घेणार? तुझ्या बायकोच्या हाताखाली भांडी घासायला?”

“अक्का!”

“बरं, चुकलं. पण राहू दे पोरीला.”

मार्था मनातल्या मनात मतं मोजू लागली. आत्या आपल्या बाजूची, काकू निम्मी, आई पाऊण. बाबांचं काय, बाबा नेहमी शेवटी हो म्हणतात. राहिले काका. ते गवताची काडी नखाने चिरत होते.

“दादा, तुला काय वाटतं?” त्यांनी विचारलं.

“मला काय वाटायचंय? तुझी मुलगी आहे. तुझ्यावाचून ती सहा महिने राहिली, तसा तूही राहिलास. अजून एक वर्ष तुला झेपेल का, ते तू बघ.”

“मला काय धाड भरली? माझं चाललंय.” काकांनी काडी टाकून दिली. “तिलाच विचारा. मोठी झाली आता. कमळे, बोल. तू म्हणशील ते.”

सगळ्यांनी कमलकडे पाहिलं. मार्थाने तर मानेनेच ‘बोल, बोल’ केलं. कमलच्या हातात सोललेला मुंजल होता आणि पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं.

“मी जाणार,” कमल म्हणाली.

“बरं,” म्हणून आत्याने पानाचा डबा बंद केला, आणि तो आवाज मार्थाला केवढा तरी मोठा वाटला.

“अगं पण आपलं ठरलं होतं!”

“तू ठरवलं होतंस,” कमल हळूच म्हणाली. “मी नाही म्हटलं नव्हतं, इतकंच.”

मार्था उठली आणि बांधावरून चालत सुटली. मागून मुलं ‘गाडी, गाडी!’ करत आली, त्यांना तिने हाकललं. ढाल जिंकल्यापासून पहिल्यांदाच तिच्याजवळ एकही वाक्य नव्हतं.

कमल आली ती बऱ्याच वेळाने. शेजारी बसली. बांधाच्या कमानी खाली पाण्यात वाकल्या होत्या, आणि पाणी उन्हाने नुसतं पांढरं झालं होतं.

“बोल की काहीतरी,” कमल म्हणाली.

“कशाला? तुला तिकडे मैत्रिणी मिळणार, सगळं मराठी मराठी. जा ना. मला काय करायचंय?”

“मैत्रिणी कुठल्या? मी कोणाला ओळखते तिकडे?”

“मग का?”

कमलने खडा उचलला, पाण्यात टाकला नाही, नुसता हातात फिरवत बसली. “आल्या दिवसापासून बघतेय. पप्पा बसून जेवतच नाहीत. आईने पाट मांडला तरी उठून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहतात. घास घेताना भिंतीकडे बघतात. परवा मी समोर बसले, तर मला म्हणाले, ‘काही हवंय का तुला?’ मार्थे, त्यांना कळलंच नाही गं, मी त्यांच्याबरोबर जेवायला बसलेय म्हणून.”

मार्थाला चिंचेखालचं ते हसू आठवलं. सगळ्यात आधी आपलाच आवाज फुटला होता.

“काकू जातेच आहे ना?” ती तरीही म्हणाली.

“आई जाईल. ती दोन दिवस रडेल, मग शेजारणी शोधेल. ती गप्प बसणारं माणूस आहे का? पप्पा गप्पच बसतात. त्यांच्याशी बोलत नाही बसायचं, नुसतं बसायचं असतं. ते मला येतं.”

“आणि मी?”

कमलने हातातला खडा पाण्यात टाकला. मग म्हणाली, “तुला बोलता येतं. तुझं होईल.”

हे वाक्य मार्थाला इतकं लागलं, की परतीच्या बसमध्ये ती आत्याशेजारी जाऊन बसली.

पुढचे दिवस बांधाबांधीत गेले. मार्था चर्चच्या हॉलमध्येच जास्त राहायची. मुलांना रंगीत कागदाच्या पताका करायला शिकवायची आणि फार मोठ्याने हसायची. दुपारी मुलांनी गाडी मांडली, तर चहावाली नाही म्हणून गाडी कुठल्याच स्टेशनावर थांबेना. परवापर्यंत कमल यायची. आता ती घरी ट्रंकेला दोरी बांधत होती.

“मार्थाताई, गाडी परत कधी वळवायची?” एका पोराने विचारलं.

“आज नाही वळवायची. मनमाडला उतरा सगळे,” मार्था म्हणाली, आणि पोरं गोंधळून बाकांवरून उतरली.

बुधवारी संध्याकाळी आत्याने तिला पेटीजवळ हाक मारली. “ये. रविवारचं गीत बसवू. तुला आता चाल धरायला पाहिजे.”

“येते मला चाल.”

“म्हणून दाखव.”

“आत्या, लहानपणापासून ऐकतेय मी! रोज कानात ओरडायची ना ती! न यायला काय झालं?”

आत्याने चष्म्यावरून पाहिलं. “ऐकणं वेगळं, पोरी.”

“नक्को ना आत्या, परेशान नको करू. मी म्हणेन रविवारी.”

आत्याने पेटीवर कापड टाकलं.

गुरुवारी काचीगुड्याचं स्टेशन माणसांनी फुललं होतं. आईने शिदोरी दिली, बाबांनी ट्रंक चढवली, काकूने सगळ्यांच्या गळ्यात पडून मनसोक्त रडून घेतलं. काका खिडकीबाहेर उभे राहून पुन्हापुन्हा घड्याळ बघत होते. मार्था खांबाला टेकून उभी होती. इंजिनाने धूर सोडला, काका आत चढले आणि कमलने खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला.

“चाल बसवलीस ना आत्याजवळ?”

“हौ,” मार्था म्हणाली.

ते खोटं होतं, आणि ते कमलला कळलं, हेही मार्थाला कळलं. पण तोवर डबा हलला होता. गार्डने झेंडा दाखवला, खराखुरा, नवा कोरा, हिरवागार. मार्थाला निदान ‘काकांना बसून जेवायला लाव’ एवढं तरी म्हणायचं होतं. तिला धावताही येत होतं. बाबा धावलेच होते नोव्हेंबरात. ती धावली नाही. हात सोडला तर फलाट खाली जाईल अशी ती खांबाला धरून उभी राहिली.

रविवारी दुपारी पत्रे तापले होते. मुलांच्या पताका भिंतीभर लागल्या होत्या आणि घामेजल्या हातांनी लावलेली खळ अजून वाळली नव्हती. मुलांनी पाठांतर म्हटलं, एकाने नाटुकल्यात मेंढी होऊन सगळ्यांना हसवलं, बक्षिसं वाटून झाली. मग पाळकसाहेब म्हणाले, “आता नेहमीप्रमाणे संध्याकाळचं गीत. आमच्या दोघी...” आणि अडखळले. “आमची मार्था.”

मार्था उठली. नवा पांढरा फ्रॉक, खांदे मागे, हनुवटी वर. ढाल घेताना उभी होती तशीच. पहिल्या बाकावर आई, बाबा. शेजारी दोन माणसांची जागा मोकळी. सवयीने कोणी तिथे बसलं नव्हतं. आत्याने भाता ओढला आणि सूर दिला.

मार्थाने तोंड उघडलं, आणि दुसरा आवाज बाहेर आला.

पहिल्या क्षणी तिलाही कळलं नाही. मग ऐकू आलं: नुसता खालून चालणारा, एका सुरावर रेंगाळणारा, कुठलंच गीत नसलेला आवाज. मागच्या बाकावरच्या बाईने मान वर केली. हे कुठलं गीत? आत्याने पेटीवर चाल जोरात वाजवली, वाट दाखवावी तशी. मार्थाने वर चढायचा प्रयत्न केला. चाल तिला येत होती! कानात स्पष्ट वाजत होती, कमलच्याच आवाजात, शब्दन्शब्द. पण गळा तिकडे वळेचना. वर्षानुवर्षं ज्या पायवाटेने गेला होता तिनेच खाली उतरत राहिला. कान तापले. बसावं का? रडावं का? माफी मागावी का, दोन वाक्यांत, वादविवाद मंडळासारखी?

तिने बाबांकडे पाहिलं. बाबांचे ओठ किंचित हलत होते. ते मनात चाल म्हणत होते. आईचेही. आणि मग मार्थाला दिसलं, की त्या चार बाकांवर जवळजवळ प्रत्येकाच्या ओठांवर ती चाल होती. कोणी मोठ्याने म्हणत मात्र नव्हतं. ती कमलची जागा होती.

आत्यानेही चाल सोडून दिली. तिची बोटं खाली आली, आणि ती मार्थाबरोबर दुसरा आवाजच वाजवू लागली, अगदी हलका, बोट धरल्यासारखा. मार्था बसली नाही. पहिली ओळ संपली, दुसरी संपली. तिसरी आली.

तिसरीतली ती जागा आली.

मार्था थांबली. कोणी चिमटा काढला नाही. आत्याने बोटं उचलली आणि भात्यावर हात नुसता ठेवून दिला. वर पंखा करकरत फिरत होता, ओल्या खळीची एक पताका भिंतीवरून सुटून खाली आली. पहिल्या आवाजाला एकट्याने वर चढून खाली यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा सगळा वेळ मार्था श्वास धरून उभी राहिली, आणि तिच्याबरोबर सगळी मंडळी.

मग तिने श्वास सोडला, आणि आपल्या वळणावर पुढचा शब्द उचलला.